मेल खरंच त्यांनीच पाठवला का? डोमेन तपासायला शिका



या आठवड्याच्या व्हिडिओत स्क्रीनवर बऱ्याच गोष्टी भराभर दाखवल्या. हा लेख म्हणजे त्याची वही समजा. सावकाश वाचा आणि शक्य असेल तर कॉम्प्युटरवर स्वतःचा मेल उघडून शेजारी ठेवा.

एक उदाहरण धरून चालू. समजा, तुम्ही संगमनेरला मसाल्याचं छोटं युनिट टाकताय. पुण्याच्या एका कंपनीकडून पॅकिंग मशीन ठरवलंय. दोन महिने मेलवर बोलणं चाललंय. कोटेशन आलं, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस आलं, साडेतीन लाख ॲडव्हान्स सोमवारी पाठवायचा आहे. शनिवारी संध्याकाळी मेल येतो: "ऑडिटमुळे आमचं नेहमीचं खातं तात्पुरतं बंद आहे. ॲडव्हान्स कृपया खालील खात्यावर पाठवा." वर नाव तेच, खाली सही तीच, लोगो तोच. पैसे पाठवायचे की नाही?

या प्रश्नाच्या उत्तराचे दोन भाग आहेत. एक भाग मेल सर्व्हर तपासतो. दुसरा तुम्हालाच तपासावा लागतो. बहुतेक जण पहिला भाग कधी उघडूनच बघत नाहीत. आणि ज्यांना तो कळतो, ते कधीकधी दुसरा विसरतात. आज दोन्ही शिकू.

मेलवरचं नाव कोणीही लिहू शकतो

मेल पाठवायची जी पद्धत आज जगभर चालते, तिचे नियम १९८२ साली लिहिले गेले. त्या पद्धतीचं नाव एसएमटीपी. तेव्हा नेटवर्कवर मोजक्याच विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे कॉम्प्युटर होते. त्यामुळे पाठवणारा खरा आहे का, हे तपासायची सोय त्या नियमांत ठेवलीच नव्हती.

पोस्टाचं पाकीट आठवा. मागच्या बाजूला "प्रेषक" म्हणून तुम्ही काहीही लिहिलं तरी पोस्टमन विचारत नाही. मेलचंही तसंच. उलट मेलमध्ये पाठवणाऱ्याचे पत्ते दोन असतात. एक पाकिटावरचा, जो फक्त सर्व्हर वाचतात. त्याला रिटर्न पाथ म्हणतात. दुसरा आतल्या पत्रावरचा, म्हणजे तुम्हाला स्क्रीनवर दिसणारा "फ्रॉम". हे दोन वेगळे असू शकतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

डोमेन म्हणजे दुकानाबाहेरचा फळा

मेल आयडीमध्ये ॲटच्या चिन्हानंतर येतं ते डोमेन. इंटरनेटवर प्रत्येक डोमेनची नोंद एका सार्वजनिक व्यवस्थेत असते. तिला डीएनएस म्हणतात आणि ती १९८३ पासून आहे. तिचं मूळ काम नावावरून नंबर सांगणं. आपल्याकडचंच बघा. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, पण ४१४००१ हा पिनकोड तोच राहिला. माणसं नाव लक्षात ठेवतात, टपालाची वर्गवारी नंबरवर चालते. डीएनएस ही नावाची आणि नंबरची जोडी सांभाळतं.

पण डीएनएसमध्ये नंबराशिवाय आणखीही नोंदी ठेवता येतात. डोमेनचा मालक तिथे मजकूर लिहून ठेवू शकतो, त्याला टीएक्सटी रेकॉर्ड म्हणतात. दुकानाबाहेर फळा लावल्यासारखं हे आहे. फळा सगळं जग वाचू शकतं, पण त्यावर लिहिता फक्त मालकाला येतं, कारण डोमेनच्या खात्याचा पासवर्ड त्याच्याकडे असतो.

आजच्या धड्याचा गाभा इथेच आहे. भामटा तुमच्या कंपनीचं नाव मेलवर लिहू शकतो, लोगो चिकटवू शकतो. पण तुमच्या फळ्यावर तो काही लिहू शकत नाही. म्हणून मेल घेणारा सर्व्हर मेलवर काय लिहिलंय यावर विश्वास ठेवत नाही. तो जाऊन फळा वाचतो. यालाच डोमेन लूकअप म्हणतात.

मेल दारात आला की सर्व्हर काय करतो

मार्केट यार्डाच्या गेटवर माल घेऊन गाडी आली अशी कल्पना करा. ड्रायव्हर म्हणतो, "अमुक व्यापाऱ्याचा माल आहे." गेटवरचा माणूस चार गोष्टी बघतो.

१. गाडीची नोंद. प्रत्येक मेल कुठल्या तरी आयपी नंबरवरून येतो. सर्व्हर तो नंबर घेऊन उलटी चौकशी करतो: या नंबराला काही नाव आहे का? आणि त्या नावावरून पुन्हा हाच नंबर मिळतो का? याला रिव्हर्स लूकअप किंवा पीटीआर म्हणतात. ज्या नंबराला नावच नाही, तिथून आलेल्या मेलवर संशय घेतला जातो.

२. गाड्यांची यादी. व्यापाऱ्याने आपल्या फळ्यावर लिहून ठेवलंय, "माझा माल फक्त या या गाड्यांतून येतो." हे एसपीएफ. यात डोमेनचा मालक आपल्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे ते लिहितो. आलेला आयपी नंबर यादीत असेल तर पास, नसेल तर फेल.

३. पोत्यावरचं सील. पाठवणारा सर्व्हर प्रत्येक मेलवर एक डिजिटल सही करतो. ती सही तपासायची किल्ली फळ्यावर सगळ्यांसाठी ठेवलेली असते, सही करायची किल्ली मात्र मालकाकडेच. हे डीकेआयएम. वाटेत कोणी सही केलेल्या मजकुरातला खाते क्रमांक बदलला तर सील तुटतं.

४. मालकाची सूचना. यादी जुळली नाही, सीलही नाही, मग गाडीचं काय करायचं? तेही मालकाने फळ्यावर लिहिलेलं असतं: येऊ द्या, बाजूला उभी करा, किंवा परत पाठवा. हे डीमार्क. तीन शब्द लक्षात ठेवा: नन, क्वारंटाइन आणि रिजेक्ट. शिवाय "माझ्या नावाने कोण कोण गाड्या आणतंय त्याचा अहवाल मला पाठवा" असंही डीमार्कमध्ये लिहिता येतं.

आता मघाचे दोन पत्ते आठवा. एसपीएफ तपासतं ते पाकिटावरचा पत्ता, तुम्हाला दिसणारा नाही. म्हणजे भामट्याने पाकिटावर स्वतःचं डोमेन टाकलं आणि आतल्या पत्रावर मशीन कंपनीचं, तरी एसपीएफ पास होऊ शकतं! ही फट डीमार्क बुजवतं. ते म्हणतं, एसपीएफ किंवा डीकेआयएम या दोघांपैकी निदान एक पास झालं पाहिजे, आणि तेही दिसणाऱ्या पत्त्याच्या डोमेनशी जुळून. म्हणून फक्त एसपीएफ पास बघून खूश होऊ नका.

एक उलटी गोष्टही सांगतो. खरा मेल कोणी ऑटो फॉरवर्ड केला की गाडी बदलते आणि एसपीएफ फेल होऊ शकतं. सील मात्र बहुतेक वेळा शाबूत राहतं. म्हणजे एसपीएफ फेल दिसलं की लगेच "चोर, चोर" करायचं नाही. तिन्ही निकाल एकत्र बघायचे.

तुमच्या कॉम्प्युटरवर कसं बघायचं

जीमेल असेल तर मेल उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करा आणि "शो ओरिजिनल" निवडा. मोबाइल ॲपमध्ये हा पर्याय मिळत नाही, त्यामुळे पैशाचा मेल कॉम्प्युटरवरच उघडायची सवय लावा. वरच्या चौकटीत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी दिसतील आणि पुढे पास किंवा फेल. जी ओळ दिसत नाही, ती नोंद मिळालेली नाही असं समजा. डीकेआयएमच्या ओळीत कोणत्या डोमेनची सही आहे तेही लिहिलेलं असतं. तिथे मशीन कंपनीचं डोमेन आहे की भलतंच, हे अक्षर अन् अक्षर वाचा.

दुसरी कोणती मेल सेवा असेल तर मेलचा पूर्ण हेडर उघडा आणि "ऑथेंटिकेशन रिझल्ट्स" ही ओळ शोधा. तुमच्या सर्व्हरने निकाल तिथे लिहून ठेवलेला असतो.

एखाद्या डोमेनचा फळा स्वतः वाचायचा असेल तर गूगल ॲडमिन टूलबॉक्समधलं "डिग" हे मोफत साधन वापरा. डोमेन टाका, टीएक्सटी निवडा, एसपीएफ दिसेल. डीमार्क बघायचं तर डोमेनच्या आधी अंडरस्कोर, मग डीमार्कचं इंग्रजी स्पेलिंग आणि टिंब लावा. एमएक्स निवडलं तर त्या डोमेनचे मेल कोणत्या सर्व्हरवर येतात ते कळतं. यात बेकायदेशीर काही नाही. फळा सगळ्यांनी वाचावा म्हणूनच लावलेला असतो.

तिन्ही पास, तरीही फसवणूक

आता दुसरा भाग. सर्व्हर एवढंच सांगतो की मेल ज्या डोमेनचं नाव घेतोय, तिथूनच तो आलाय. ते डोमेन तुमच्या ओळखीचंच आहे का, हे तो सांगत नाही. ते तुम्ही बघायचं.

मुंबईतलं एक प्रकरण या धड्यासाठी पुरेसं आहे. टेक्निमाँट ही इटलीतली मोठी इंजिनिअरिंग कंपनी, तिची भारतातली शाखा मुंबईत. नोव्हेंबर २०१८ मध्ये या शाखेच्या प्रमुखांना समूहाच्या सीईओच्या नावाने मेल आले. मेल आयडी खऱ्यासारखाच दिसणारा, पण वेगळा. चीनमध्ये एक गुप्त खरेदी चालू आहे, असं सांगून कॉन्फरन्स कॉलसुद्धा घडवून आणले. आठवड्याभरात तीन हप्त्यांत सुमारे १ कोटी ८६ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे जवळपास १३० कोटी रुपये, हाँगकाँगच्या बँकांत गेले. जानेवारी २०१९ मध्ये ही बातमी वर्तमानपत्रांत आली. एवढ्या मोठ्या कंपनीत हे झालं, तर आपल्या दुकानात होणार नाही असं समजू नका.

खऱ्यासारखं दिसणारं डोमेन कोणीही हजार रुपयांच्या आत विकत घेऊ शकतो. एकदा ते घेतलं की तो त्या डोमेनचा मालकच झाला! मग फळा त्याचा, यादी त्याची, सीलही त्याचं. तिन्ही परीक्षा पास. म्हणून हे पाच प्रकार ओळखायला शिका:

१. अक्षरांची फसवणूक. इंग्रजी आर आणि एन जवळ आले की एम दिसतो. एलच्या जागी एक, ओच्या जागी शून्य.

२. शेपूट बदललेलं. खरं डोमेन डॉट को डॉट इन, मेल आलाय डॉट कॉमवरून.

३. मध्ये रेघ किंवा जादा शब्द. कंपनीच्या नावाला "पेमेंट", "सपोर्ट", "इंडिया" असं काहीतरी जोडलेलं.

४. नाव डावीकडे, मालक उजवीकडे. डोमेन नेहमी उजवीकडून वाचायचं. "तुमचीबँक.कॉम.केवायसी-अपडेट.टॉप" यात मालक "केवायसी-अपडेट.टॉप" आहे. डावीकडचं नाव तो हवं ते लिहू शकतो.

५. साधा जीमेल आयडी. जीमेलवरून आलेला मेल तिन्हींत पास होणारच, कारण तो खरोखर जीमेलवरूनच आलाय. पण ते खातं कोणी उघडलं, हे त्यातून कळत नाही.

शंका आली की डोमेनची जन्मतारीख बघा. "हूइज" लूकअपमध्ये डोमेन कधी नोंदवलं ती तारीख मिळते. कंपनी म्हणते आम्ही पंधरा वर्षं धंद्यात आहोत आणि डोमेन बारा दिवसांपूर्वीचं, तर समजून जा.

आणि शेवटचा, सगळ्यात अवघड प्रकार: समोरच्याचं खरं मेल खातंच हॅक झालेलं असतं. मग डोमेन खरं, फळा खरा, जुन्या मेलचा धागाही खरा. तिथे कोणताही लूकअप उपयोगाचा नाही. तिथे फक्त फोन उपयोगाचा.

सरकार आणि बँक: शेपूट पाठ करा

नवीन उद्योजकांना हमखास येणारा मेल म्हणजे "तुमचं मुद्रा लोन मंजूर झालं, प्रोसेसिंग फी भरा." मुद्रा संस्था कोणाला थेट कर्ज देत नाही, ते बँका आणि वित्तसंस्थांमार्फत मिळतं. अशी बनावट मंजुरीपत्रं फिरतात हे पीआयबीच्या फॅक्ट चेक विभागाने अनेकदा सांगितलंय. भारत सरकारची आणि राज्य सरकारांची डोमेन सहसा गव्ह डॉट इन किंवा निक डॉट इन यावर संपतात. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे; तिच्यासाठी डॉट कॉमवरून फी मागणारा मेल सरकारचा नाही.

बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये चांगली सोय केली. "बँक डॉट इन" हे शेपूट फक्त बँकांसाठी राखून ठेवलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी तिकडे जावं असं सांगितलं. नागरी सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती बँकाही त्यात आल्या. हे शेपूट हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्थाच देते, त्यामुळे ते बाजारात कोणालाही विकत मिळत नाही. आपल्या जिल्ह्यात गावोगावी पतसंस्था आहेत. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, त्यामुळे तिच्या मेलला हा नियम लावू नका. तिथे शाखेत जाऊन किंवा फोन करून विचारा.

आता स्वतःचा फळा लिहा

आतापर्यंत दुसऱ्याचा मेल तपासला. पण समोरचा गिऱ्हाईक तुमचाही मेल तपासतोय! तुमच्या डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएम नसेल तर तुमचं कोटेशन स्पॅममध्ये पडू शकतं. मुंबईचा खरेदीदार म्हणतो मेल आला नाही, तुम्ही म्हणता पाठवला, आणि ऑर्डर तिसऱ्यालाच जाते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केलेत. जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम हवंच. दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही हवीत.

काम तासाभराचं आहे. जिथून डोमेन घेतलं तिथलं डीएनएसचं पॅनल उघडा. तुमची मेल सेवा, मग ती गूगल वर्कस्पेस असो की झोहो, एसपीएफ आणि डीकेआयएमचा मजकूर तयार देते. तो जसाच्या तसा कॉपी करा, हाताने टाइप करू नका. मग डीमार्क आधी "नन" ठेवा, काही आठवडे अहवाल बघा, तुमचे सगळे खरे मेल पास होताना दिसले की "क्वारंटाइन" आणि नंतर "रिजेक्ट" करा.

इथे तीन चुका नेहमी होतात:

१. दोन एसपीएफ. मेल सेवेचं एक रेकॉर्ड, मग बिलिंग सॉफ्टवेअरसाठी दुसरं. एका डोमेनला एसपीएफ रेकॉर्ड एकच असतं. दोन असली की तपासणीत चूक धरली जाते आणि एसपीएफचा उपयोगच उरत नाही. दोन्ही नावं एकाच ओळीत घाला.

२. यादी फार लांबवणं. एसपीएफ तपासताना सर्व्हर जास्तीत जास्त १० लूकअप करतो. त्यापुढे गेलं की फेल. वापरात नसलेल्या सेवा काढून टाका.

३. डोमेन फक्त वेबसाइटसाठी आहे म्हणून फळा कोरा ठेवणं. कोऱ्या फळ्याचा फायदा भामटा घेतो. मेल पाठवतच नसाल तर "या नावाने कोणालाच परवानगी नाही" असं एसपीएफ आणि डीमार्क "रिजेक्ट" लिहून ठेवा.

आणि डोमेनच्या खात्याचा पासवर्ड वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाकडे नाही, तुमच्याकडे असला पाहिजे. टू स्टेप व्हेरिफिकेशनसकट. फळ्यावर लिहायचा खडू दुसऱ्याच्या खिशात ठेवायचा नसतो.

पैशाचा नियम

आता शनिवारच्या मेलकडे या. "शो ओरिजिनल" उघडा, तीन निकाल बघा. डीमार्क फेल असेल तर पैसे थांबवा. पास असेल तर डोमेन उजवीकडून वाचून पहिल्या कोटेशनच्या मेलशी ताडून बघा. तेही जुळलं तरी खातं बदललेलं असेल तर फोन करा. फोन कुठल्या नंबरवर? त्या मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या, व्हिजिटिंग कार्डवरच्या किंवा जुन्या बिलावरच्या नंबरवर. सोमवारी दुकान उघडेपर्यंत थांबावं लागलं तरी चालेल. खरा विक्रेता दोन दिवस थांबतो. घाई भामट्याला असते.

हाच नियम व्हॉट्सॲपलाही लावा. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये कंपनीच्या प्रमुखांच्या नावाने व्हॉट्सॲप मेसेज आला आणि सुमारे एक कोटी रुपये भलत्याच खात्यांवर गेले. व्हॉट्सॲपवर तर वाचायला फळासुद्धा नसतो. तिथे फोन हाच लूकअप.

तरीही पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० ला फोन करा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेला कळवा आणि जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली तर ते गोठवता येऊ शकतात. मूळ मेल डिलीट करू नका. हेडर हा पुरावा आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या इनबॉक्समधले तीन मेल निवडा: एक बँकेचा, एक सप्लायरचा, एक अनोळखी. तिघांचेही एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क निकाल वहीत लिहा.

२. "डिग"मध्ये स्वतःचं डोमेन टाका आणि फळ्यावर काय आहे ते बघा.

३. पहिल्या पाच सप्लायरचे फोन नंबर आणि खाते क्रमांक एका कागदावर लिहून गल्ल्याजवळ लावा. खातं बदलल्याचा मेल आला की आधी हा कागद, मग बाकी सगळं.

निकाल काय आले ते व्हिडिओखाली लिहा, पण खाते क्रमांक किंवा पूर्ण मेल आयडी टाकू नका. पुढच्या भागात डीमार्कचा अहवाल कसा वाचायचा ते बघू. तोपर्यंत सोमवारचं पेमेंट सोडण्याआधी एक फोन नक्की करा.